सहधर्मचारिणी ॲन जडसन

विवाहित स्त्रीस सहधर्मचारिणी म्हणण्याची आपल्याकडील चाल फार जुनी आहे. मानपत्रांतून व चरित्रग्रंथांतून हा शब्द आपण इतक्या वेळा वाचतो, की त्याच्या अर्थाकडे आपले लक्ष जाईनासे झाले आहे. पतीचे व्रत आपले मानून ते जिने स्वतः आचरिले तीस हे नाव खरोखर शोभते. पतीमागून परदेशी जाऊन राहिलेल्या स्त्रिया पूर्वी पुष्कळ होऊन गेल्या, आणि आज तर त्यांची गणतीच नाही. परंतु पतीच्या सन्निध राहणे आणि पतीच्या कार्यात राहणे ह्या दोन गोष्टी सर्वस्वी निराळ्या आहेत. हा भेद ज्यांच्या चरित्रावरून स्पष्ट कळून येतो, अशा एका बाईंची हकीकत येथे देण्याचे योजिले आहे. त्या बाई म्हणजे ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारात, आयुष्य वेचिलेल्या ॲन जडसन ह्या होत.

ॲन हॅसेल्टाइन हिचा जन्म अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स संस्थानात, मेरिमॅक नदीच्या काठी वसलेल्या ब्रॅडफर्ड ह्या गावी ता. २२ डिसेंबर १७८९ रोजी झाला. तिचे वडील जॉन हॅसेल्टाइन हे गावातील सुखवस्तू गृहस्थ असून त्यांच्या घरी तरुण मंडळींचा नेहमी राबता असे. ॲन ही स्वभावाने आनंदी, हौशी व काहीशी उतावळी होती. मेजवान्या व नाचरंग ह्यांत तिचे मन फार रमत असे. गावच्या ब्रॅडफर्ड अकॅडमी नावाच्या शाळेत तिचे शिक्षण झाले. सोळाव्या वर्षी, सन १८०६ मध्ये, तिच्या मनास मोठा पालट झाला. गंभीर धर्मग्रंथांचे वाचन, एकांतात प्रार्थना आणि आपल्या हातून काही उपयोगाचे काम घडावे ही तळमळ तिला लागली. पुढे काही वर्षे तिने आसपासच्या गावी शाळेत मुलांस शिकविण्याचे काम केले.

सन १८१० च्या जून महिन्यात ब्रॅडफर्ड येथे धर्मोपदेशकांची एक मोठी सभा भरली. अँडोव्हर येथील धर्मविद्यालयाचे काही विद्यार्थी ह्या सभेपुढे एक विलक्षण विनंती घेऊन आले होते. आम्हांस पूर्वेकडील देशांत ख्रिस्ताची सुवार्ता सांगण्यासाठी पाठवावे, अशी ती विनंती होती. अमेरिकेतून तोपर्यंत असे कोणीही परदेशी गेले नव्हते. ह्या विद्यार्थ्यांचा अग्रणी अदोनीराम जडसन हा होता. सभेच्या वेळी हॅसेल्टाइन ह्यांच्या घरी तो जेवावयास आला असता त्याची व ॲनची प्रथम भेट झाली, आणि पुढे महिन्याभराने त्याने तिला मागणी घातली.

मागणी घालताना जडसनाने काहीही लपवून ठेविले नाही. ॲनच्या वडिलांस त्याने जे पत्र लिहिले ते प्रसिद्धच आहे. आपली मुलगी वसंत ऋतू आला की निघून जाईल व पुन्हा ह्या जगात दृष्टीस पडणार नाही. समुद्राची भीती, उष्ण देशातील हवा, दारिद्र्य, अपमान आणि कदाचित क्रूर मरण हे सर्व तिच्या वाट्यास येईल. हे पत्करून आपण संमती द्याल काय, असे त्याने विचारिले होते. वडिलांनी निर्णय मुलीवर सोपविला. ॲनने घाई केली नाही; बरेच दिवस तिने विचार केला. कोणत्याही अमेरिकन स्त्रीने असे पाऊल तोवर उचलिले नव्हते. हा शुद्ध वेडेपणा आहे, असे गावातील शहाणी माणसे उघड म्हणू लागली. शेवटी केवळ एका पुरुषाविषयीच्या ओढीने नव्हे, तर ते काम आपणांसही नेमून दिलेले आहे, अशी मनाची खातरी झाल्यावर तिने होकार दिला.

ता. ५ फेब्रुवारी १८१२ रोजी त्यांचा विवाह झाला. दुसऱ्याच दिवशी सेलम येथे जडसन, सॅम्युएल न्यूएल, सॅम्युएल नॉट, गॉर्डन हॉल व लूथर राइस ह्या पाच तरुणांस दीक्षा देण्यात आली. ह्यांपैकी हॉल व नॉट हे, नॉट ह्यांच्या पत्नी रोक्साना ह्यांच्यासह, सन १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस पोहोचले आणि त्यांनी अमेरिकन मराठी मिशनचा पाया घातला. आपल्या प्रांतातील मिशन शाळांचा इतिहास अशा रीतीने ह्याच दिवसापर्यंत जाऊन पोहोचतो.

ता. १९ फेब्रुवारी रोजी जडसन व न्यूएल ही दोन जोडपी ‘कॅराव्हॅन’ नावाच्या लहानशा गलबतातून कलकत्त्याकडे निघाली. न्यूएल ह्यांची पत्नी हॅरिएट ही ॲनची जुनी मैत्रीण असून तिचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. चार महिन्यांच्या त्या प्रवासात शरीर धड राहावे म्हणून ह्या मैत्रिणी दोरीवरच्या उड्याही मारीत असत.

ह्याच प्रवासात ॲनबाईंच्या स्वतंत्र बुद्धीची पहिली कसोटी लागली. बाप्तिस्म्याच्या विधीविषयी जडसन ह्यांचे मत अभ्यासाने बदलू लागले, व आपण बाप्तिस्त मत स्वीकारावे असे त्यांस वाटू लागले. बाई ह्यास प्रथम कडाडून विरुद्ध होत्या. आपण बाप्तिस्त झालात तरी मी होणार नाही, असे त्यांनी पतीस स्वच्छ सांगितले. परंतु केवळ हट्टाने बसून न राहता कलकत्त्यास पोहोचल्यावर त्यांनी स्वतः त्या विषयावरील ग्रंथ वाचले, शास्त्रवचने ताडून पाहिली, आणि अखेर पतीचे म्हणणे त्यांस पटले. ता. ६ सप्टेंबर १८१२ रोजी कलकत्ता येथे उभयतांनी बाप्तिस्मा घेतला. ज्या मंडळाने त्यांस पाठविले होते त्याच्याशी असलेला संबंध ह्यामुळे तुटला. परक्या देशात हाती पैसा नाही, पाठीशी संस्था नाही, अशी स्थिती झाली. आज्ञा म्हणून नव्हे, तर विचारांती ही हानी बाईंनी पत्करिली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

इतक्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने ह्या मंडळींस देशाबाहेर निघून जाण्याचा हुकूम केला. बंगाल्यातील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी व त्यांचे सहकारी ह्यांनी त्यांस आश्रय दिला होता. हेच ते कॅरी, ज्यांनी सन १८०५ मध्ये मराठी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले. परंतु सरकारी हुकुमापुढे त्यांचाही इलाज चालेना. न्यूएल दांपत्य मॉरिशस बेटाकडे आधी गेले. मागून जडसन तेथे पोहोचले तो त्यांस दुःखाची वार्ता कळली. हॅरिएट प्रवासातच अकाली प्रसूत झाली, मूल गेले, आणि ता. ३० नोव्हेंबर १८१२ रोजी वयाच्या एकोणिसाव्या वर्षी तीही मृत्यू पावली. तिचे पती न्यूएल हे पुढे मुंबईस येऊन काम करू लागले व सन १८२१ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. बरोबर निघालेल्या मैत्रिणीचे थडगे पाहून ॲनबाईंच्या मनास काय वाटले असेल ह्याची कल्पनाच करावी. तथापि त्या मागे फिरल्या नाहीत.

मॉरिशसहून ती उभयता मद्रासेस आली. तेथेही कंपनीचे अधिकारी आपणांस इंग्लंडास पाठवून देतील ही भीती होतीच. त्या वेळी बंदरातून निघणारे एकच गलबत होते व ते रंगूनचे. ब्रह्मदेशाविषयी सर्वांनी इतके भयंकर वर्णन केले होते, की तेथे जाण्याचा विचार त्यांनी जवळजवळ सोडला होता. आता तेवढाच मार्ग उरला. त्या वाटेवर वादळात बाईंस मृत मूल झाले. जवळ वैद्य नव्हता. ता. १३ जुलै १८१३ रोजी गलबत रंगूनला लागले तेव्हा त्या इतक्या अशक्त झाल्या होत्या, की त्यांस खुर्चीवर बसवून किनाऱ्यावर न्यावे लागले.

रंगून हे त्या वेळी चिखल व पाणथळ ह्यांनी वेढिलेले, बांबूच्या घरांचे गाव होते. राज्य आवा येथील राजाचे. प्रजेने धर्म बदलिल्यास देहदंडापर्यंत मजल जाण्याचे भय. तेथे पहिले काम भाषा शिकण्याचे होते. पंडितास इंग्रजी येत नव्हते व ह्यांस ब्रह्मी येत नव्हती. ताडपत्रावर कोरिलेली वाटोळी अक्षरे, आणि शब्दांमध्ये जागा सोडण्याची पद्धत नाही! स्त्रीस शिकविण्याविषयी पंडितजी प्रथम अगदी उदासीन होते. परंतु जडसन हे आपल्या पत्नीस बरोबरीच्या मानाने वागवितात हे पाहून त्यांचे वर्तन बदलले. पती दिवसभर पोथ्यांत डोके घालून बसत. बाई घराचा कारभार पाहात, बाजारहाट करीत, नोकरचाकरांशी व शेजारणींशी बोलत. परिणाम असा झाला, की व्याकरणात पती पुढे, तर बोलण्यात पत्नी पुढे गेली. पुढे त्यांनी ब्रह्मी भाषेत एक प्रश्नोत्तरावली तयार केली आणि दानीएल व योना ह्या पुस्तकांचे भाषांतर केले. रंगूनमध्ये पुष्कळ सयामी लोक राहात. त्यांची भाषाही शिकून त्यांनी मत्तयकृत शुभवर्तमान त्या भाषेत उतरविले. त्यांची सयामी प्रश्नोत्तरावली श्रीरामपूर येथे सन १८१९ मध्ये छापली गेली. सयामी भाषेत छापलेले हे पहिले पुस्तक मानितात.

सन १८१५ च्या सप्टेंबरात त्यांस मुलगा झाला. त्याचे नाव रॉजर. घरातील तोच एक विसावा होता. परंतु आठ महिन्यांचाही न होता सन १८१६ च्या मे महिन्यात तो तापाने गेला.

सन १८१७ च्या अखेरीस जडसन हे तीन महिन्यांच्या बेताने चित्तगावकडे जावयास निघाले. गलबत भलत्याच दिशेस वाहात गेले आणि महिन्यांमागून महिने गेले तरी त्यांची काही वार्ता येईना. रंगूनमध्ये पटकीची साथ सुरू झाली. इंग्रजांशी लढाई होणार अशी आवई उठली. बरोबरच्या मिशनरी कुटुंबाने बंगाल्यास निघून जाण्याचे ठरविले व बाईंसही चलण्याचा आग्रह केला. मोठ्या कष्टाने त्या गलबतावर चढल्या. परंतु नदीतून बाहेर पडण्यापूर्वीच गलबतात दोष निघून ते थांबले, तेव्हा त्यांनी तो ईश्वरी संकेत मानिला आणि आपले सामान उतरवून त्या एकट्याच रिकाम्या घरी परत आल्या. पती जिवंत आहेत की नाहीत हे ठाऊक नव्हते. पण काम तेथेच होते. थोड्याच दिवसांत जडसन सुखरूप परत आले. बाई निघून गेल्या असत्या तर दोघांची किती दिवस चुकामूक झाली असती कोण जाणे.

सन १८१९ मध्ये रस्त्याच्या कडेला ‘झयात’, म्हणजे धर्मशाळेसारखा मांडव, बांधून जडसन ह्यांनी उघड उपदेश सुरू केला. बाई स्त्रियांस निराळ्या जमवून शिकवीत. रंगूनास आल्यावर सहा वर्षांनी, ता. २७ जून १८१९ रोजी, माउंग नाउ नावाच्या पहिल्या ब्रह्मी मनुष्याचा बाप्तिस्मा झाला. सहा वर्षांच्या श्रमाचे हे एक फळ!

यकृताच्या विकाराने बाईंची प्रकृती खालावल्यामुळे त्यांस सन १८२१ मध्ये ब्रह्मदेश सोडावा लागला. इंग्लंडातून त्या सन १८२२ च्या सप्टेंबरात अमेरिकेस पोहोचल्या. आईवडिलांची पुन्हा भेट झाली. विश्रांती घ्यावी असे सर्वांनी सांगितले. परंतु आजारातच त्यांनी ब्रह्मदेशातील मिशनचा इतिहास लिहून सन १८२३ मध्ये प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षी त्या परत निघाल्या. डिसेंबरात त्या रंगूनला पोहोचल्या व लगेच पतीसह राजधानी आवा येथे राहावयास गेल्या. तेथे त्यांनी दोन ब्रह्मी मुलींस घरी ठेवून घेऊन लहानशी शाळा सुरू केली.

ह्यापुढील प्रसंगामुळेच त्यांचे नाव जगभर झाले. सन १८२४ मध्ये इंग्रज व ब्रह्मी सरकार ह्यांच्यात युद्ध जुंपले. गोरा माणूस तो इंग्रजांचा हेर, असा राजदरबारचा समज झाला. ता. ८ जून रोजी जेवणाच्या वेळी शिपाई घरात शिरले. त्यांनी जडसन ह्यांस खाली पाडून दोरीने आवळून बांधिले व मृत्यूचा तुरुंग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बंदिखान्यात नेऊन टाकिले. पायांत तीन तीन बेड्या. रात्री बेड्यांतून बांबू ओवून पाय वर टांगीत व केवळ खांदे जमिनीस टेकत. तुरुंगातून कैद्यांस अन्न मिळत नसे. बाहेरून कोणी आणून दिले तरच पोट भरावयाचे.

बाईंच्या घराभोवती पहारा बसला होता. त्यांनी प्रथम संशय येण्याजोगे कागद जाळिले आणि नव्या कराराच्या भाषांतराचे हस्तलिखित पुरून ठेविले. मग त्या बाहेर पडल्या. शहराच्या सुभेदारापुढे, दरबारी लोकांपुढे, राणीच्या आप्तांपुढे त्यांनी महिन्यांमागून महिने खेटे घातले. कोठे नजराणा, कोठे विनवणी, कोठे युक्तिवाद. ब्रह्मी स्त्रियांचा पोशाख त्यांनी धारण केला. रोज सुमारे दोन मैल चालत जाऊन त्या तुरुंगाच्या दाराशी अन्न पोहोचवीत आणि अंधार पडल्यावर परत येत. पुरलेले हस्तलिखित ओलीने कुजेल म्हणून त्यांनी ते एका टणक उशीत शिवून पतीस नेऊन दिले. उशी इतकी वाईट, की पहारेकऱ्यासही तिचा लोभ पडू नये! गोऱ्या कैद्यांस गुप्तपणे मारून टाकण्याचे हुकूम सुभेदारास एकदा नव्हे, तीनदा आले. परंतु बाईंच्या सततच्या विनवणीने त्या वृद्धाचे मन द्रवले होते व त्याने ते अमलात आणिले नाहीत.

एकदा पतीस घरच्या जेवणाची आठवण व्हावी म्हणून त्यांनी म्हशीचे मांस व केळी घेऊन, आपल्या मायदेशी सणावारी करितात तसा पदार्थ मोठ्या खटपटीने करून धाडिला. तो पाहून जडसन ह्यांस इतके भरून आले, की एक घासही न घेता त्यांनी तो सोबतच्या कैद्यास देऊन टाकिला.

ता. २६ जानेवारी १८२५ रोजी बाईंस मुलगी झाली. तिचे नाव मारिया. वीस दिवसांच्या त्या अर्भकास घेऊन त्या तुरुंगाच्या दाराशी गेल्या, तेव्हा बापाने बेड्या घातलेल्या स्थितीत लेकीचे तोंड प्रथम पाहिले. मे महिन्यात कैद्यांस अकस्मात आउंगपेन्ले नावाच्या दूरच्या खेड्यात हलविण्यात आले. तापलेल्या वाळूतून अनवाणी चालविल्यामुळे त्यांचे पाय सोलून निघाले. एक कैदी तर त्या श्रमाने मेला. बाईंस हे कळताच तीन महिन्यांचे मूल, दोन ब्रह्मी मुली व एक बंगाली आचारी ह्यांस घेऊन त्या होडीने व गाडीने मागोमाग तेथे गेल्या. तुरुंगाधिकाऱ्याच्या घरातील धान्याने अर्धी भरलेली एक खोली त्यांस राहावयास मिळाली. लवकरच देवीची साथ आली. पुढे बाई स्वतः अंथरुणास खिळल्या व त्यांचे दूध आटले. त्या वेळी पहारेकऱ्यास पैसे चारून जडसन हे बेड्या ओढीत खेड्यातील लेकुरवाळ्या बायांकडे जात आणि आपल्या मुलीस थोडे दूध पाजा म्हणून विनवीत. त्या ब्रह्मी मातांनी व त्या एकनिष्ठ बंगाली आचाऱ्याने जी माणुसकी दाखविली, तीस ह्या कथेत मोठे स्थान दिले पाहिजे.

अखेर ब्रह्मी सरकारास इंग्रजांशी बोलणे लावण्याकरिता दुभाष्याची गरज पडली, आणि सन १८२५ च्या नोव्हेंबरात, सतरा महिन्यांनी, जडसन ह्यांच्या बेड्या निघाल्या. ता. २४ फेब्रुवारी १८२६ रोजी यांदाबो येथे तह झाला व ती उभयता मुक्त झाली. तहानंतर इंग्रज सेनापती कॅम्बेल ह्यांनी ब्रह्मी वकिलांस मेजवानी दिली व जडसनबाईंस आपल्या शेजारी मानाने बसविले. वकिलांपैकी एक अधिकारी बाईंस पाहून थरथर कापू लागला. कारण, पतीच्या सुटकेसाठी त्या पूर्वी त्याच्याकडे गेल्या असता त्याने त्यांस भर दुपारपर्यंत ताटकळत ठेविले, विनंती धुडकाविली, आणि वर त्यांची रेशमी छत्री काढून घेऊन थट्टा केली होती. सूड घेण्याची ह्याहून सोयीची संधी मिळाली नसती. बाईंनी त्यास त्याच्या भाषेत, भिण्याचे काही कारण नाही, असे हळूच सांगून धीर दिला.

त्या वर्षी इंग्रजांच्या ताब्यात आलेल्या ॲम्हर्स्ट ह्या नव्या वसाहतीत त्यांनी घर केले. जडसन ह्यांस वकिलातीबरोबर पुन्हा आवा येथे जावे लागले. धर्मस्वातंत्र्याचे कलम तहात घालता येईल अशी आशा होती, म्हणून बाईंनीही संमती दिली. मागे राहून त्यांनी बांबूचे घर व दोन शाळागृहे उभी करविली. परंतु इतक्या कष्टांनी झिजलेले शरीर तापापुढे टिकले नाही. ता. २४ ऑक्टोबर १८२६ रोजी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला. ज्याच्या सोबतीसाठी त्यांनी दोन महासागर ओलांडले, तो पती त्या वेळी शेकडो मैल दूर होता, व ही वार्ता त्यास महिन्याने कळली. ज्या कलमासाठी तो गेला ते कलमही तहात आले नाही. सहा महिन्यांनी मारियाही आईच्या शेजारी विसावली.

प्रिय विद्यार्थिमित्रहो, हिशेबी दृष्टीने पाहिले तर ह्या संसारात बाईंच्या हाती काय आले? चौदा वर्षांच्या विवाहितपणातील कित्येक वर्षे ताटातुटीत गेली. तीन अपत्यांपैकी एकही उरले नाही. केवळ पतीजवळ राहता यावे एवढ्याचसाठी त्या आल्या असत्या, तर त्यांचा प्रवास निष्फळ झाला असेच म्हणावे लागेल. परंतु पती जवळ असो वा नसो, त्यांचे काम कधी थांबले नाही. कारण ते त्यांचेही काम होते. उशीतील ते हस्तलिखितही वाया गेले नाही. कैद्यांस हलविताना पहारेकऱ्याने फेकून दिलेला तो कापसाचा गोळा माउंग इंग नावाच्या ब्रह्मी शिष्याने गुरूची आठवण म्हणून उचलून ठेविला, व पुढे त्यात सर्व पाने शाबूत सापडली. सन १८३४ मध्ये जडसन ह्यांनी संपूर्ण ब्रह्मी पवित्र शास्त्राचे भाषांतर पुरे केले, आणि ते आजही त्या देशात वाचिले जाते. त्यावर नाव जडसन ह्यांचे आहे. परंतु ज्या हातांनी ती उशी शिविली त्यांचाही त्या ग्रंथात वाटा आहे, हे विसरता येत नाही.

आपणांपैकी पुष्कळांस, मुलांस तसेच मुलींस, उद्या कोणाच्या तरी सोबतीसाठी आपले गाव व आपला देश सोडून जाण्याचा प्रसंग येईल. त्या वेळी बाईंनी होकार देण्यापूर्वी आपल्या मनास जो प्रश्न विचारिला तो आपणही विचारावा. ते माणूस आपणांस प्रिय आहे, एवढे पुरे नाही. तेथे आपणांसाठी काम कोणते आहे, हेही पाहिले पाहिजे. ह्या प्रश्नाचे उत्तर ज्यास सापडले, त्यास परका देश फार दिवस परका राहात नाही.